लँडिंगच्या वेळी लक्ष विचलित होतं म्हणजे नेमकं काय चुकतं?

डाउनविंड:
लहान विमानांच्या लँडिंग अपघातांबद्दल वाचताना एक ओळ हमखास भेटते, ‘वैमानिकाचं लक्ष विचलित झालं’. त्यावरचा उपायही ठरलेला, ‘लक्ष द्या’. एवढ्याने काहीच कळत नाही. लक्ष दोन-चार सेकंद दुसरीकडे गेलं तर एक इंजिन आणि चार आसनांचं विमान, तेही ६५ नॉटवर, धावपट्टीवर आपटेपर्यंत मधे काय काय घडतं? कुठल्या क्षणी व्यत्यय जास्त महागात पडतो? चाकं आत जाणाऱ्या विमानात ‘चाकं बाहेर नाहीत’ असं सांगणारा भोंगा वाजत असूनही लोक पोटावर कसे उतरतात? आणि सवयीने टाळता येईल असं यातलं किती? जाणकारांनी आकड्यांसकट लिहिलं तर बरं होईल. चर्चा सेसना १७२, पायपर पीए-२८ किंवा तत्सम विमानांपुरती ठेवू.

शॉर्टफायनल:
अहवालातली ती ओळ अर्धीच असते. उरलेली अर्धी ओळ अशी: लक्ष गेलं तेव्हा हातातलं कुठलं काम अर्धवट राहिलं आणि ते पुन्हा उचललंच गेलं नाही. बहुतेक वेळा व्यत्यय संपलेला असतो, वैमानिक परत धावपट्टीकडे बघत असतो, सगळं ठीक आहे असं त्याला वाटत असतं. फक्त मधली एक पायरी गळलेली असते. म्हणजे व्यत्यय येतो डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने उडतानाचा टप्पा) आणि त्याचा फटका बसतो फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक वर उचलतानाचा क्षण). मधे दोन-तीन मिनिटं गेलेली असतात, त्यामुळे दोन्हींचा संबंध आहे हे खुद्द वैमानिकालाही जाणवत नाही.

आधी आकडे. ६५ नॉट म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मीटर. ३ अंशांच्या उतारावर विमान मिनिटाला सुमारे ३४५ फूट खाली येतं. सहा सेकंद मान खाली घालून टॅब्लेटवर काही शोधलं तर २०० मीटर पुढे आणि ३४ फूट खाली. १००० फुटांवर हे काहीच नाही. १०० फुटांवर तीच सहा सेकंद म्हणजे उरलेल्या उंचीचा तिसरा हिस्सा. त्यात फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) पूर्ण खाली आणि थ्रॉटल (इंजिनची पॉवर) जवळजवळ बंद असेल, आणि नाक नकळत वर धरलेलं असेल, तर वेग सेकंदाला दीड-दोन नॉट सहज उतरतो. मान वर येते तेव्हा ६५ चे ५५ झालेले असतात, आणि ते दिसण्याआधी हाताला कंट्रोल ढिले झाल्यासारखे वाटतात.

आता सर्वांत घातक जागा. माझ्या मते ती फ्लेअर नव्हे. बेसवरून (धावपट्टीला काटकोनातला टप्पा) फायनलला (धावपट्टीच्या सरळ रेषेतला शेवटचा टप्पा) वळतानाची आहे. टॉवर म्हणतं, ‘तुमचा नंबर दोन, तीन मैल फायनलवर विमान आहे, दिसलं की कळवा.’ वैमानिक त्या विमानाच्या शोधात मान वळवतो. धड वळलं की योकवरचा (विमान वळवायच्या चाकावरचा) हातही थोडा वळतो. विमान हळूच कलतं, नाक हलतं, आणि वळायची जागा निघून जाते. बेसवर मागून वारा असेल तर ती आणखी लवकर जाते. मग धावपट्टीची मध्यरेषा ओलांडलेली दिसते आणि घाईने ती गाठायची धडपड सुरू होते. जमीन जवळ असल्याने कल वाढवायला मन कचरतं, म्हणून पाय रडरवर (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी) जोर देतो आणि नाक आत ढकलतो. रडरमुळे कल आपोआप वाढू लागतो, तो रोखायला एलेरॉन (पंखांवरची, कल बदलणारी पट्टी) उलटा जातो. नाक खाली जातंय म्हणून योक मागे ओढला जातो. आतल्या बाजूला रडर, उलटा एलेरॉन आणि मागे ओढलेला योक हे तिन्ही एकत्र आले की ती स्पिनमध्ये (विमान गरगरत खाली कोसळण्यात) शिरायची कृतीच झाली. तीही ५०० फुटांवर, जिथून सावरायला उंचीच नसते.

स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखांची उचल तुटते तो वेग, कलासोबत कसा चढतो तेही बघा. उंची राखून ३० अंश कलात तो सुमारे ७ टक्के वाढतो, ४५ ला १९ टक्के, ६० ला ४१ टक्के. १७२ एसमध्ये फ्लॅप वर असताना स्टॉलचा दर्शित वेग ४८ नॉट आहे. ४५ अंशांत ते ५७ झाले. म्हणजे ६५ वर वळणाऱ्याकडे १७ नॉटची शिल्लक आहे असं वाटतं, प्रत्यक्षात आठ असते, आणि योक ओढला की तीही आटते. उपाय साधा आहे पण मनाला पटवावा लागतो: बेस ते फायनल कल ३० अंशांपेक्षा जास्त जायचा नाही. मध्यरेषा निसटली तर निसटली, पुन्हा चक्कर मारायची. दुसरं विमान शोधायचं असेल तर पंख सपाट असताना. दिसत नसेल तर ‘दिसत नाही’ एवढं सांगून मोकळं व्हायचं. अंतर राखायची सोय मग टॉवर करतो.

फ्लेअरमधला व्यत्यय वेगळ्या जातीचा. तिथे नजरेचा खेळ आहे. साधारण १५-२० फुटांवर नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यायची असते, कारण उंची कळते ती कडेच्या दृश्याच्या सरकण्यातून. त्या क्षणी वेग बघायला, दरवाजा खडखडला म्हणून किंवा शेजारचा काही बोलला म्हणून नजर आत आली की परत बाहेर गेल्यावर उंचीचा अंदाज पुन्हा जुळवायला एखादा सेकंद लागतो. तेवढ्यात विमान एक तर सपाट आपटतं, नाही तर घाबरून योक ओढला जाऊन वर फुगतं. फुगल्यावर नाक खाली ढकललं की नोजव्हील आधी टेकतं, विमान उसळी मारतं, दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी, तिसरीत प्रोपेलर जमिनीला लागतो किंवा नोजव्हीलचा दांडा मोडतो. १८२ सारख्या पुढून जड विमानात चाक शाबूत दिसलं तरी फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली भिंत) सुरकुती पडलेली असू शकते, म्हणून जोरात टेकल्यावर ‘चाललं की’ म्हणून पुढचं उड्डाण करू नये. प्रोपेलर जमिनीला नुसता घासला असला तरी इंजिन उघडून तपासावं लागतं.

आणखी एक प्रकार अहवालांत फारसा दिसत नाही, कारण त्याचा पुरावा उरत नाही. रेडिओवर मघाशी चुकीचं वाचून दाखवलं, आधीचं लँडिंग वाईट झालं, असलं काही डोक्यात घोळत राहतं. बाहेरून बघणाऱ्याला वैमानिक एकाग्र दिसतो. डोळे धावपट्टीवर, मन मात्र दोन मिनिटं मागे.

तीन_हिरवे:
चाकं आत जाणाऱ्या विमानांबद्दल लिहितो, कारण व्यत्ययाची किंमत तिथे सर्वांत स्वच्छ दिसते.

माणूस चाकं काढायला ‘विसरतो’ हे वर्णन अपुरं आहे. आठवण दोन प्रकारची असते. घडून गेलेलं आठवणं हा एक प्रकार, आणि ‘अमुक ठिकाणी आलो की तमुक करायचं’ हे योग्य क्षणी आपोआप आठवणं हा दुसरा. दुसरी आठवण खुणेवर चालते. डाउनविंडला धावपट्टीचा उंबरठा (सुरुवातीची कड) पंखाखाली आला की हात चाकांच्या लिव्हरकडे जातो. ती खूणच गेली, म्हणजे टॉवरने थेट बेसवर बोलावलं किंवा पाच मैलांवरून सरळ फायनल दिलं, तर आठवण जागी करणारं काही उरत नाही. नासाच्या एम्स केंद्रात की डिस्म्यूक्स यांनी कॉकपिटमधल्या व्यत्ययांवर बरंच काम केलं. वैमानिकांनी स्वतःहून पाठवलेल्या अहवालांत लक्ष अडकवणाऱ्या बाबींचे चार मोठे गट निघाले: संभाषण, मान खाली घालून करायची कामं, बाहेर इतर विमानं शोधणं आणि एखादा बिघाड निस्तरणं. चारही गोष्टी कामाच्याच आहेत, हे लक्षात घ्या. फोनवर गाणी ऐकणारा वैमानिक हा अपवाद; आपलं कर्तव्य करतानाच चाकं राहून जाणारा हा नियम.

दुसरा सापळा ‘झालं असेल’ हा. शंभर वेळा केलेली गोष्ट आज केली की काल, हे मेंदू नीट वेगळं ठेवत नाही. अर्ध्यावर थांबलेली चेकलिस्ट परत हातात घेतली की ज्या ओळीवर थांबलो असं वाटतं तिच्यापुढून सुरुवात होते, आणि बरेचदा तीच ओळ केलेली नसते.

भोंग्याचं म्हणाल तर तो बहुतेक विमानांत थ्रॉटल ठरावीक मर्यादेखाली ओढल्यावर किंवा फ्लॅप ठरावीक अंशांपलीकडे गेल्यावर वाजतो. म्हणजे वाजतो कधी? फायनलच्या शेवटी, नेमका वैमानिक धावपट्टीत पूर्ण गुंतलेला असताना. कान ऐकतो, मन नोंद घेत नाही. त्यात स्टॉलचा इशाराही त्याच सुमाराला वाजायचाच असतो, तेव्हा ‘वाजणारच’ म्हणून तो आवाज खपून जातो. सरावात पॉवर कमी करून उंचावर फिरताना भोंगा वाजत ठेवायची सवय लागली असेल तर आणखी वाईट, कारण मन त्याला पार्श्वसंगीत समजायला शिकलेलं असतं. तेव्हा भोंगा हा शेवटचा आधार. त्याच्या भरवशावर राहू नये.

मग भरवसा कशावर? चाकं काढणं एका जागेला बांधण्याऐवजी तीन वेगवेगळ्या क्षणांना बांधा. डाउनविंडला उंबरठ्यासमोर, बेसला वळल्यावर, आणि फायनलला सुमारे ३०० फुटांवर. तिन्ही वेळा ‘गम्प्स’ (इंग्रजी आद्याक्षरांची यादी): इंधन कुठल्या टाकीवर, चाकं, इंधन-हवेचं मिश्रण, प्रोपेलर, पट्टे. नुसतं तोंडाने म्हणायचं नाही. बोटाने लिव्हरला हात लावायचा, डोळ्यांनी चाकं खाली लागल्याचा हिरवा दिवा बघायचा, मग मोठ्याने ‘हिरवे’ म्हणायचं. तिन्ही इंद्रियं कामाला लागली की तोंडाने पोपटपंची करून पुढे जाणं अवघड होतं. थेट फायनल मिळालं तर डाउनविंड नाहीच. तेव्हा ‘उतार सुरू करायला चाकं’ हा नियम ठेवा. चाकांमुळे वाढणारा हवेचा ओढा हाच मग खाली यायचा मार्ग होतो. चाकं आत असतील तर विमान तेवढ्याच पॉवरवर वेग सोडत नाही, आणि हा वेग उतरत का नाही ही शंका स्वतःच एक खूण ठरते.

उतरल्यावरचा व्यत्ययही विसरू नका. धावपट्टीवर पळत असतानाच फ्लॅप वर घ्यायला हात गेला आणि पकडला चाकांचा लिव्हर, अशा घटना बऱ्याच झाल्या आहेत. बीचक्राफ्टच्या जुन्या बोनान्झा आणि बॅरन विमानांमध्ये चाकांचा आणि फ्लॅपचा स्विच नेहमीच्या उलट बाजूला आहेत; चाकांचा उजवीकडे, फ्लॅपचा डावीकडे. इतर विमानांवरून तिथे येणाऱ्याचा हात सवयीने चुकतो. चाकांच्या दांड्यावर वजन असताना लिव्हर चालू नये म्हणून एक स्विच असतो, पण पंखांत अजून उचल शिल्लक असेल आणि दांडा पुरता दबलेला नसेल तर तो वाचवत नाही. म्हणून धावपट्टी सोडून थांबण्याच्या रेषेपलीकडे जाईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. फ्लॅप दोन मिनिटं खाली राहिले तर विमानाचं काही बिघडत नाही.

मॅग्नेटो:
वरच्या प्रतिसादाला छोटी पुरवणी. ‘हिरवे’ म्हणताना आपल्या विमानात किती दिवे आहेत ते आधी माहीत हवं. १७२ आरजी आणि १८२ आरजीमध्ये (आरजी म्हणजे चाकं आत जाणारी आवृत्ती) हिरवा दिवा एकच. दुसऱ्या विमानातून आलेला माणूस तीन शोधत बसला तर तोच एक व्यत्यय.

पायपर ॲरोमध्ये आणखी एक गंमत आहे. पॅनलचे दिवे लावले की चाकांचे हिरवे दिवे रात्रीसाठी मंद होतात. दिवसाउजेडी कुणाकडून तो स्विच चालू राहिला तर चाकं खाली लागलेली असूनही दिवे विझल्यासारखे वाटतात. मग सर्किटमध्येच (उतरण्यासाठी धावपट्टीभोवती मारायच्या फेरीत) मान खाली, बल्ब काढ, दाब, फिरव. आधी पॅनलच्या दिव्यांचा स्विच बघा. तो बंद असेल आणि एकच दिवा लागत नसेल तर शेजारचा चांगला बल्ब त्या जागी लावून बघता येतो. पण हे काम सर्किटमध्ये करायचं नाही. चढून सुरक्षित उंचीवर, वाहतुकीपासून बाजूला जाऊन, विमान ट्रिम करून (कंट्रोल न धरता स्थिर उडेल असं जुळवून), मग.

बल्बच्या नादात काय होतं याचं सर्वांत मोठं उदाहरण मोठ्या विमानाचं आहे. २९ डिसेंबर १९७२ ला ईस्टर्न एअर लाइन्सचं ४०१ हे उड्डाण मायामीला उतरत होतं. नोजव्हीलचा दिवा लागेना म्हणून २००० फुटांवर चक्कर मारत कॉकपिटमधले सगळे त्या दिव्यात गुंतले. ऑटोपायलटची उंची धरून ठेवायची सोय नकळत सुटली, विमान हळूहळू एव्हरग्लेड्सच्या दलदलीत उतरत गेलं, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. १०१ माणसं गेली. बल्ब जळून गेलेला होता, चाक व्यवस्थित खाली होतं. तिथे तीन जणांचं वैमानिक दल होतं, ऑटोपायलट होता. एकट्या माणसाने हाताने उडवत असताना बल्बशी खेळणं किती शहाणपणाचं, ते तुम्हीच ठरवा.

डाउनविंड:
छान माहिती. दोन शंका. एक, प्रवाशांचं आणि फोन-टॅब्लेटचं काय करायचं? मित्र किंवा घरची माणसं शेजारी असली की त्यांना गप्प बसा कसं सांगायचं? दोन, प्रत्येक व्यत्ययाला गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) हा सल्ला ऐकायला बरा, पण त्यात अतिरेक नाही का? शिवाय गो-अराउंडमध्येही अपघात होतातच की.

कोरी_पाटी:
पहिल्या शंकेचं बघू. विमान कंपन्यांना अमेरिकेत १९८१ पासून ‘स्टराइल कॉकपिट’चा नियम आहे. १०,००० फुटांखाली, तसंच जमिनीवर टॅक्सी करताना, उड्डाणाच्या सुरक्षेशी संबंध नसलेलं बोलणं आणि काम बंद. खाजगी लहान विमानाला तो कायदा लागू नाही, आणि तसाच्या तसा उपयोगीही नाही, कारण १७२ चं बरंचसं उड्डाण १०,००० फुटांखालीच होतं. तेव्हा आपली हद्द आपण ठरवायची. सोयीची हद्द अशी: निघताना इंजिन सुरू केल्यापासून ठरलेल्या उंचीवर सपाट होईपर्यंत, आणि येताना विमानतळापासून १० मैलांवर आल्यापासून धावपट्टी सोडून थांबेपर्यंत.

प्रवाशांना हे जमिनीवर, इंजिन बंद असताना सांगायचं. हवेत सांगितलं तर रागावल्यासारखं वाटतं. ‘मी हात असा वर केला की बोलायचं नाही. फक्त दुसरं विमान किंवा पक्षी दिसला, धूर किंवा इंधनाचा वास आला, दरवाजा उघडा दिसला तर लगेच सांगायचं.’ काय बोलायचं नाही यासोबत काय नक्की बोलायचं हेही सांगितलं की माणसं आनंदाने कामाला लागतात. पुढच्या आसनावरच्याला दुसरं विमान शोधायला लावणं हा तर गप्प बसवण्याचा सर्वांत सभ्य मार्ग. लहान मूल मागे असेल तर खेळणं, पाणी, उलटीची पिशवी उतार सुरू व्हायच्या आधी त्याच्या हातात. मागे वळून काही देणं म्हणजे पुन्हा वर शॉर्टफायनल यांनी लिहिलेली वळलेल्या धडाची गोष्ट. हेडसेटवर प्रवाशांचा आवाज तोडायची सोय असेल तर ती वापरा.

फोन बंद करून खिशात किंवा बॅगेत. ३१ मे २०१४ ला कोलोराडोतल्या वॉटकिन्सजवळ सेसना १५० पडलं, त्यात दोघे गेले. त्याआधीच्या छोट्या फेऱ्यांच्या चित्रीकरणात फोनवर सेल्फी काढणं चाललेलं सापडलं. रात्री कमी उंचीवर फोनमुळे लक्ष विचलित होऊन दिशाभान गेलं आणि विमान स्टॉल झालं असावं, असा अमेरिकेच्या तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता. ती घटना लँडिंगची म्हणता येणार नाही, पण उंची आणि वेग सर्किटसारखेच होते. अंधारात फोनचा उजेड डोळ्यांवर पडला की अंधाराला सरावलेली नजर परत यायला बराच वेळ लागतो, हा धोका त्यात वेगळा.

टॅब्लेट उपयोगी आहे, पण धावपट्टीची लांबी, सर्किटची उंची, टॉवरची फ्रीक्वेन्सी आणि टॅक्सीचा मार्ग हे सगळं १० मैलांच्या आधी बघून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. कागदावर लिहिलेलं एका नजरेत वाचता येतं. स्क्रीनवर बोट सरकवून शोधावं लागतं, आणि धक्क्यात बोट भलतीकडे पडतं. सर्किटमध्ये आत बघायचं ते एकावेळी एक-दोन सेकंद. एका नजरेत काम झालं नाही तर बाहेर बघायचं, मग दुसरी नजर.

दरवाज्याचंही लिहितो, कारण चार आसनी विमानांत तो फार छळतो. पीए-२८ चा वरचा खटका नीट लागला नसेल तर दरवाजा हवेत बोट-दोन बोटं उघडतो. आवाज भयंकर, वारा आत, कागद उडतात. विमान मात्र उडत राहतं. अपघात होतात ते दरवाजा लावायला गेलेल्यांचे. १७२ ची खिडकी फ्लेअरमध्ये उघडली तर तसंच. तिच्याकडे बघायचंही नाही. उतरा, थांबा, मग लावा. आसन रुळावर नीट अडकलंय का हे मात्र निघतानाच हलवून बघा. जुन्या सेसनांत आसन मागे सरकून हात योकपासून निसटणं हा खरोखरच जीवघेणा प्रकार आहे.

शॉर्टफायनल:
दुसऱ्या शंकेवर मी. अतिरेक होईल, जर ‘व्यत्यय आला का’ हा प्रश्न विचारला तर. विचारायचं असं: व्यत्ययानंतर विमान जिथे असायला हवं तिथे आहे का? ५०० फुटांना हा निकष लावा. वेग ठरवलेल्या आकड्यापेक्षा १० नॉट वर किंवा ५ नॉट खाली नाही, विमान मध्यरेषेवर आहे, फ्लॅप आणि चाकं शेवटच्या स्थितीत आहेत, खाली येण्याचा दर मिनिटाला १००० फुटांपेक्षा बराच कमी आहे, चेकलिस्ट पूर्ण आहे. यातलं एकही नसेल तर परत जायचं. सगळं असेल तर प्रवासी शिंकला म्हणून कुणी गो-अराउंड करत नाही. ३०० फुटांखाली मात्र दुरुस्तीची मुदत संपली. तिथे काही निसटलं तर विचार न करता थ्रॉटल पुढे.

वेग जास्त असला तर काय बिघडतं, असं काहींना वाटतं. ६० ऐवजी ६६ नॉटवर टेकवायचं म्हटलं तरी ऊर्जा २१ टक्के वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने चढते. ती ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, वैमानिक अधीर होऊन नाक खाली दाबतो, आणि पुन्हा तीच नोजव्हीलची गोष्ट. दहा नॉट जास्त असतील तर दीडशे मीटरच्या आसपास धावपट्टी तरंगण्यातच जाऊ शकते.

गो-अराउंडमध्ये अपघात होतात हे खरं, आणि तिथेही दोषी तोच: एकदम चार कामं. क्रम पाठ हवा. थ्रॉटल पूर्ण पुढे, आणि कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) असेल तर ती आत; ती ओढलेलीच राहिली तर पूर्ण पॉवर मिळत नाही. १७२ एसमध्ये इंधन इंजेक्शन असल्याने हा भाग नाही, १७२ एन किंवा एममध्ये आहे. त्याच क्षणी उजवा रडर, आणि नाक पुढे दाबून धरायचं. लँडिंगसाठी मागे केलेला ट्रिम पूर्ण पॉवर मिळताच नाक आकाशाकडे उचलतो. दाब हाताला चांगलाच जाणवतो, दचकून सोडायचं नाही. फ्लॅप ३० अंशांवरून लगेच २०, वेग ६० नॉट, मग अडथळे मागे पडेपर्यंत फ्लॅप १०, आणि ६५ नॉटनंतर सुरक्षित उंचीवर पूर्ण वर. सगळे फ्लॅप एका दमात वर घेतले तर विमान खाली बसतं. हे आकडे १७२ एसचे आहेत. तुमच्या विमानाच्या पुस्तकातले पाठ करा. रेडिओ सर्वांत शेवटी. टॉवर तुम्हाला वर जाताना बघतोच आहे.

टॉवरबद्दल एक गोष्ट नवशिक्यांना कुणी स्पष्ट सांगत नाही. फायनलवर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तत्काळ उत्तर द्यायलाच हवं असं नाही. उतरायची परवानगी तेवढी वाचून दाखवायची. बाकी ‘कुठे पार्क करणार’ वगैरे प्रश्नाला ‘स्टँडबाय’ हा एक शब्द पुरतो. ऐन वेळी धावपट्टी बदलून दिली आणि मन तयार नसेल तर ‘जमणार नाही’ हेही वैध उत्तर आहे. बदल स्वीकारलाच तर हेडिंग बग (दिशादर्शकावरची हलवता येणारी खूण) नव्या धावपट्टीच्या दिशेवर लावा आणि फायनलला कंपासशी ताडून बघा. समांतर धावपट्टी किंवा टॅक्सीवेवर उतरण्याच्या चुका अशाच घाईत होतात. दोन समांतर धावपट्ट्यांचं हेडिंग मात्र सारखंच असतं, तिथे डावी-उजवी डोळ्यांनीच ठरवावी लागते.

तीन_हिरवे:
चेकलिस्ट तुटल्यावर काय करायचं ते राहिलं. सर्किटमधली यादी आठ-दहा ओळींचीच असते, तेव्हा थांबलो तिथून नाही, वरपासून पुन्हा. पंधरा सेकंद जातात. कागदी यादी असेल तर व्यत्यय येताच अंगठा त्या ओळीवर दाबून धरा आणि अंगठा तिथे आहे तोवर यादी अपूर्ण समजा. यादी तोंडपाठ म्हणणाऱ्यांसाठी दुसरी युक्ती: काम अर्धवट सोडताना मोठ्याने म्हणायचं, ‘फ्लॅप राहिले’. नुसतं थांबण्यापेक्षा काय राहिलं ते उच्चारलं की परत आल्यावर ते सापडण्याची शक्यता वाढते.

मॅग्नेटो:
सरावाचं एक. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए हिने स्टॉल आणि स्पिनच्या प्रशिक्षणासाठी दिलेल्या मार्गदर्शक पत्रकात प्रशिक्षकाने मुद्दाम व्यत्यय आणावा असं सुचवलंय. पेन्सिल पाडून विद्यार्थ्याला उचलायला सांगणं, घड्याळ लावायला सांगणं, मागच्या आसनावरून काही काढायला लावणं, बाहेरचं तापमान विचारणं, जवळच्या विमानतळाचं हेडिंग काढायला सांगणं.

हे ३००० फुटांवर, प्रशिक्षकासोबत, आसपास दुसरं विमान नाही हे दोन्ही बाजूंना वळून बघितल्यावर करा. फ्लॅप ३०, वेग फायनलचा, पॉवर उताराला लागेल तेवढी, आणि एखादी उंची ‘धावपट्टी’ म्हणून धरा, समजा २५००. उतार सुरू झाल्यावर प्रशिक्षक कधीही पेन्सिल पाडेल. ती उचलताना वेग किती ढळला आणि विमान कुठल्या बाजूला कललं, हे प्रशिक्षक लिहून ठेवेल. बहुतेकांचं विमान वाकलेल्या बाजूलाच कलतं. नंतर तीच कसरत २० अंश डाव्या वळणात, म्हणजे बेसवरून फायनलला येताना होते तशी. त्यात पेन्सिल उचलायची नाही, ‘नंतर’ म्हणायचं. पेन्सिल दिसली की हात जातोच. तो न जाऊ देण्याचा हा सराव आहे.